नारायणगावकर तमाशा फड

महाराष्ट्रातील एक ख्यातनाम ढोलकी-फड व त्यातून निर्माण झालेली तमाशा कलावंतांची परंपरा. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तिचे केंद्र होय. नारायण खुडे यांनी उभारलेला हा फड त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांच्या काळात ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने प्रसिद्धीस आला. भाऊंच्या कन्या विठाबाई (१ जुलै १९३५–१५ जानेवारी २००२) यांनी त्याची कीर्ती महाराष्ट्रभर पोहोचविली. ‘तमाशासम्राज्ञी’ या उपाधीने त्या ओळखल्या जात. या परंपरेची ख्याती मुख्यतः प्रत्यक्ष प्रयोगांवर उभी राहिली. मुद्रित संहिता, ध्वनिमुद्रिका किंवा चित्रपट यांचा तिच्यातील वाटा अल्प आहे. त्यामुळे तिचे सामर्थ्य व तिची असुरक्षितता या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे रोज रात्री प्रेक्षकांसमोर नव्याने उभे राहण्याच्या गरजेत, आढळते.

पार्श्वभूमी : ‘फड’ या शब्दाने मराठीत शेतातील उभे पीक, कुस्त्यांचा आखाडा आणि कलावंतांचा मेळ हे तिन्ही अर्थ व्यक्त होतात. तमाशाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानतात. संगीत बारीत स्त्रिया बैठकीत वा थिएटरात लावणी गातात व नाचतात. ढोलकी-फडात गाणे, नाच, विनोद आणि वगनाट्य यांचा एकत्रित रात्रभराचा खेळ उघड्या मैदानावर होतो. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, होनाजी बाळा इ. शाहिरांनी लावणीला वाङ्‍मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. उमा बाबाजी सावळजकर यांच्या ‘मोहना बटाव’ या वगाने (१८६५) तमाशात कथानाट्याची जोड आली. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळाबाई यांच्या जोडीने फडातील स्त्री-कलावंताचे स्थान दृढ केले. तत्पूर्वी स्त्रीभूमिका बहुधा ‘नाच्या’ पोऱ्या करीत असे.

तमाशाचे बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी इ. जातींतून आले. हलगी वाजविणे हे मांग समाजाचे परंपरागत काम होते. गावच्या देवाची पालखी, लग्नाची वरात आणि कुस्त्यांचे मैदान या सर्व प्रसंगी हलगीवाल्याची गरज भासे, परंतु त्याची वस्ती गावकुसाबाहेर असे. भाऊ-बापूंनी फडाच्या नावात आपल्या जातीचा उल्लेख उघडपणे ठेवला व तोच पुढे विठाबाईंच्या नावाचाही भाग झाला. ज्या नावामुळे दिवसा माणूस दूर उभा केला जाई, तेच नाव रात्री जाहिरातफलकावर गर्दी खेचणारे ठरले.

फडाची जडणघडण : खुडे कुटुंब मूळचे शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथील. या गावाचा तमाशाशी संबंध जुना असून अनेक वग व गीते लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर हेही तेथलेच. नारायण खुडे यांच्या पश्चात भाऊ आणि बापू यांनी फड वाढविला. त्यांची कारकीर्द तमाशाच्या दृष्टीने कसोटीची होती. १९४८ च्या सुमारास मुंबई राज्य शासनाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या विरोधामुळे ती सैल झाली. तथापि संहिता आधी तपासून घेण्याची अट पुढे लागू झाली. याच सुमारास शाहीर अण्णाभाऊ साठे व त्यांचे सहकारी तमाशाच्या घाटाचा वापर राजकीय व सामाजिक प्रबोधनासाठी करीत होते व त्याला ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होत होते. अनेक फडांनी ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे जोडनाव स्वीकारले. शासनमान्यता आणि प्रेक्षकांचे जुने आकर्षण या दोन्हींचा मेळ त्यात साधलेला दिसतो.

विठाबाई : विठाबाईंचा जन्म पंढरपूर येथे, फड मुक्कामी असताना झाला. श्रीविठ्ठलाच्या क्षेत्री जन्मल्यामुळे त्यांचे नाव विठा ठेवण्यात आले, असे सांगतात. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. लावणी, गौळण, पदन्यास आणि संवादफेक यांचे शिक्षण त्यांना घरातील फडातच, पाहून व करून मिळाले. नृत्य, गायन आणि अभिनय या तिन्ही अंगांवर समान प्रभुत्व असणाऱ्या कलावंत तमाशात विरळ असत. विठाबाईंची गणना त्यांत होते. वडिलांच्या फडातील प्रमुख नर्तकीपासून स्वतःच्या नावाच्या फडाच्या मालकिणीपर्यंत त्यांनी मजल मारली. नर्तकीने फडाची मालकी सांभाळणे म्हणजे नाच संपल्यावर हिशेब, कर्ज, मुक्काम आणि शंभरावर माणसांचे जेवणखाण यांचीही जबाबदारी घेणे होय.

१९६२ च्या चीन युद्धाच्या काळात भारतीय सैनिकांच्या मनोरंजनासाठी त्यांनी सीमाभागात कार्यक्रम केले. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

त्यांच्याविषयीची एक घटना तमाशाक्षेत्रात सर्वश्रुत आहे. गरोदरपणाचे दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा रंगमंचावर येण्यास सिद्ध झाल्या. वस्तुस्थिती कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबविण्यास सांगितले. ही घटना कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. तथापि फडाच्या व्यवहाराचा विचार केल्यास तिचा दुसराही अर्थ लक्षात येतो. खेळ मोडला तर सुपारी जाते, कनातीतील गर्दी बिथरते आणि त्या रात्रीचे साऱ्या फडाचे पोट बुडते. प्रमुख नर्तकीला रजा देण्याची कोणतीही तरतूद या व्यवसायात नव्हती. निष्ठा आणि नाइलाज यांची सीमारेषा येथे पुसट होते.

प्रयोगाची रचना : ढोलकी-फडाचा खेळ ठरावीक क्रमाने रंगतो. आरंभी ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर खेळ उभा राहिल्याची वर्दी यामुळे पोहोचते. त्यानंतर गणेशस्तुतीचा गण होतो. गौळणीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी ‘मावशी’, कृष्ण आणि पेंद्या यांचा विनोदी वाद रंगतो. मावशीचे काम पुरुष करतो. त्यापुढे सोंगाड्याची बतावणी व लावण्यांची रंगबाजी येते. मध्यरात्रीनंतर वग सुरू होतो. तो पौराणिक, ऐतिहासिक, दरोडेखोरांच्या जीवनावरील अथवा सामाजिक असतो. भैरवीने खेळाची सांगता होई तेव्हा जुन्या काळी पूर्वेला उजाडलेले असे.

वगाची संहिता पूर्वी बहुधा लिहिलेली नसे. कथेचा सांगाडा व प्रवेशांचा क्रम ठरलेला असे आणि संवाद त्या त्या वेळी उत्स्फूर्तपणे रचले जात. सोंगाड्याने गावातील ताजी भांडणे, दुष्काळ, निवडणूक किंवा सरकारी अधिकारी यांवर टोले मारणे अपेक्षित असे. त्यामुळे एकच वग दोन गावांत सारखा होत नसे. प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून लावणी लांबविणे, प्रवेश गाळणे किंवा विनोद वाढविणे हे कौशल्य फडाच्या लौकिकाचा मुख्य आधार होते.

वाद्ये व ताल : ढोलकी हे फडाचे प्रमुख वाद्य होय. तिच्या शाई लावलेल्या तोंडातून उंच, टणक बोल निघतात, तर दुसऱ्या तोंडातून घुमारा मिळतो. नर्तकीचा पदन्यास आणि ढोलकीचे बोल यांची सवाल-जवाबाच्या अंगाने चालणारी चढाओढ हा खेळातील उत्कर्षबिंदू असतो. हलगी हे कातडे ताणून बसविलेले एकमुखी कडेवाद्य दोन काठ्यांनी वाजवितात. हवा दमट असल्यास तिचे कातडे शेकोटीवर शेकून स्वर चढवावा लागतो. एकतारी तुणतुणे अखंड आधारस्वर देते, मंजिरी आणि पोलादी कडे लय पक्की ठेवतात, तर मागे उभे राहणारे सुरते ध्रुपद उचलून धरतात. विसाव्या शतकात हार्मोनियम आणि क्लॅरिनेट आले. पुढे ड्रमसेट, इलेक्ट्रिक ऑर्गन, सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड यांची भर पडली. मोठ्या फडांचा वाद्यमेळ अशा रीतीने ऑर्केस्ट्राच्या जवळ गेला. तरीही ढोलकीचे स्थान त्यांना घेता आले नाही.

याच धर्तीचे एक उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथील आफ्रिकी-अमेरिकी समाजात १९६० नंतरच्या दशकात ‘फंक’ हा तालप्रधान संगीतप्रकार विकसित झाला. वॉशिंग्टन शहरात गायक व गिटारवादक चक ब्राउन (१९३६–२०१२) आणि त्यांचा ‘सोल सर्चर्स’ हा वाद्यवृंद यांनी त्यातून ‘गो-गो’ ही स्थानिक शैली घडविली. दोन गाण्यांच्या मध्ये नाचणारे लोक खाली बसू नयेत, म्हणून तालवाद्ये अखंड चालू ठेवायची व त्या अवकाशात श्रोत्यांतील मंडळींची, वस्त्यांची नावे पुकारून त्यांना गाण्यात ओढायचे, हे तिचे तंत्र होय. ‘बस्टिन लूज’ या गाण्यामुळे ब्राउन यांचे नाव १९७९ मध्ये देशभर झाले. परंतु या शैलीचा खरा प्राण प्रत्यक्ष मैफलीतच राहिला व शहराबाहेर ती फारशी रुजली नाही. २०२० मध्ये वॉशिंग्टनने तिला शहराचे अधिकृत संगीत म्हणून मान्यता दिली. फडातही खेळाच्या दोन अंगांमधील पोकळी ढोलकी-हलगी भरून काढतात. प्रेक्षकाने दिलेल्या पैशाची, म्हणजे दौलतजादेची, दात्याच्या नावानिशी रंगमंचावरून घोषणा होते व क्षणभर तो प्रेक्षकही खेळातील पात्र बनतो. परस्परांशी कोणताही संबंध नसलेल्या या दोन परंपरांत असे साम्य दिसते, याचे कारण दोन्हींत श्रोत्याला जागचा हलविणे हीच कलेची कसोटी मानलेली आहे.

अर्थव्यवहार : फडाचे वर्ष साधारणतः दसऱ्यापासून सुरू होऊन वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपते. पूर्वार्धात फड स्वतःचा तंबू घेऊन मराठवाडा, खानदेश, विदर्भ इ. भागांत फिरतात. गावाबाहेरच्या माळावर कापडी कनात उभारून तिकिटावर खेळ करतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेसारख्या मोठ्या जत्रांत अनेक फड शेजारीशेजारी उतरतात. तेथे कोणाच्या कनातीकडे लोक वळतात, यावर फडाची पत ठरते. उत्तरार्धात, विशेषतः चैत्र-वैशाखात, पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामदैवतांच्या यात्रांसाठी गावकरी ठरावीक रक्कम देऊन खेळ ठरवितात. यास ‘सुपारी’ म्हणतात.

या सुपाऱ्यांचा बाजार नारायणगाव येथे भरतो. पुणे-नाशिक मार्गावरील या गावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक आपापल्या राहुट्या थाटतात. यात्रा समित्यांचे पंच तेथे येऊन फड पाहतात, घासाघीस करतात, इसार देतात आणि तारीख पक्की करतात. तमाशाची पंढरी असा नारायणगावचा जो लौकिक आहे, त्यामागे खुडे घराण्याच्या कीर्तीइतकाच हा व्यवहारही कारणीभूत आहे.

हंगामाच्या प्रारंभी फडमालक कलावंतांना ‘उचल’ देतो व ती कामातून फेडली जाते. उचल देण्यासाठी मालक स्वतः सावकाराकडून कर्ज काढतो. ट्रक, तंबू, विद्युत्‌ जनित्र, ध्वनिक्षेपक आणि पोषाख यांचा खर्च वेगळा असतो. अवकाळी पाऊस, गावातील दंगा किंवा कलावंताचे आजारपण यांमुळे काही खेळ बुडाले, तरी व्याज थांबत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उत्पन्न नसते व पुढील हंगामाची उचल घेऊनच ते निभवावे लागतात. लेखकाला पुस्तकाचे किंवा गायकाला ध्वनिमुद्रिकेचे मानधन मिळू शकते. फडातील कलावंताची कमाई मात्र खेळ संपताच संपते.

विठाबाईंच्या उत्तरायुष्यात याचा प्रत्यय आला. वय झाल्यावर कमाई आटली. अखेरच्या आजारपणात उपचारांच्या खर्चासाठी देणग्यांचा आधार घ्यावा लागला. राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झालेल्या कलावतीची ही अवस्था पाहून तमाशा कलावंतांच्या वृद्धापकाळाचा प्रश्न चर्चेत आला. योगीराज बागूल यांनी त्यांचे चरित्र लिहिले असून त्याचे ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ हे नाव या दृष्टीने सूचक आहे.

स्थित्यंतरे : चित्रपट आणि तमाशा यांचे नाते दुहेरी राहिले. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) इ. चित्रपटांनी फडाचे जग रुपेरी पडद्यावर नेले व लावणी मध्यमवर्गीय घरांत पोहोचविली. तिच्या यशाचा आर्थिक लाभ मात्र फडांपर्यंत क्वचितच पोहोचला. उलट प्रेक्षकच चित्रपटगीतांची फर्माईश करू लागले आणि रंगबाजीत हिंदी-मराठी चित्रपटगीतांचे प्रमाण वाढत गेले. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर वगाची लांबी घटली. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाच्या वापरावर निर्बंध आले. जो खेळ पूर्वी दहाच्या सुमारास रंगात येऊ लागे, त्याला त्याच वेळी आवरते घेण्याची पाळी आली. सण-उत्सवांसाठी मिळणारी सवलत मोजक्या दिवसांपुरती असते. या अटीची सर्वाधिक झळ वगाला बसली, कारण क्रमाने तो शेवटी येतो.

ग्रामीण वस्तीचे स्वरूप बदलल्याचाही परिणाम झाला. औरंगाबादलगतचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा हे याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. जालना मार्गावरील हे गाव औद्योगिक वसाहत आणि विमानतळ यांमुळे शहराशी एकजीव झाले. अशा गावांतून कनात उभारण्याजोगे माळ कमी होत जातात आणि पाळीने कामावर जाणाऱ्या कामगाराला रात्रभराचा खेळ परवडत नाही. कोरोना साथीमुळे मार्च २०२० मध्ये, यात्रांचा हंगाम ऐन भरात येत असतानाच, सर्व खेळ बंद पडले. २०२१ चा यात्रा-हंगामही वाया गेला. उचल घेतलेले कलावंत आणि कर्ज काढलेले मालक दोघेही अडचणीत आले व अनेकांनी शेतमजुरी किंवा मिळेल ते काम पतकरले.

वारसा : विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी सातारा जिल्ह्यातील करवडी येथून स्वतःचा फड उभा केला. त्यांचे पुत्र नितीनकुमार हेही त्याच फडात प्रमुख कलावंत म्हणून पुढे आले. विठाबाईंचे पुत्र कैलास यांनी नारायणगावकर नावाने फड चालू ठेवला. नारायण खुडे यांच्यापासून मोजल्यास ही परंपरा पाच पिढ्यांची होते. तिचे हस्तांतर दस्तऐवजाने होत नाही. मूल फडात वाढते, पाळण्यात ढोलकी ऐकते आणि चालू लागताच गौळणीत उभे राहते.

महाराष्ट्र शासनाने २००६ पासून तमाशा क्षेत्रातील प्रदीर्घ सेवेसाठी विठाबाईंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर होत. पुढे मंगला बनसोडे, ‘काळू-बाळू’ जोडीतील अंकुश खाडे, मधुकर नेराळे इत्यादींना तो मिळाला. वग व गीते लिहिणाऱ्या बशीर मोमीन कवठेकर यांनाही तो देण्यात आला, हे उल्लेखनीय होय. कारण फडाच्या लेखकाचे नाव एरवी प्रेक्षकांना क्वचितच ठाऊक असते. फडांना अनुदान व वृद्ध कलावंतांना मानधन देण्याच्या योजनाही शासनाने राबविल्या आहेत. मात्र अनुदान फडाला मिळते आणि मानधन वार्धक्यात मिळते. कामाच्या वयात आजारी पडणाऱ्या वा बाळंत होणाऱ्या कलावतीचा प्रश्न या दोन्ही योजनांच्या मधे उरतो.

नारायणगावकर फडाने जपलेल्या कलेचा फार थोडा अंश लेखी वा ध्वनिमुद्रित स्वरूपात शिल्लक आहे. जो खेळ जसा झाला, तसा तो पुन्हा झाला नाही व होणेही अपेक्षित नव्हते. त्याचे मोल त्या त्या रात्री माळावर जमलेल्या प्रेक्षकांनी ठरविले आणि पुढील वर्षी त्याच फडाला पुन्हा सुपारी देऊन ते नोंदविले. नारायणगावच्या राहुट्यांत पाडव्याला होणारी ही नोंद हाच या परंपरेच्या जिवंतपणाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानावा लागतो.